पाणी जातं केव्हा?

जुन्या ट्रकची एक तक्रार कायमची असते. रोज सकाळी रेडिएटरमध्ये लिटरभर पाणी टाकावं लागतं आणि खाली तर थेंबही दिसत नाही. ऐकणारा लगेच विचारतो, गळतंय कुठे? मग टॉर्च घेऊन इंजिनाच्या चहूबाजूंनी शोध सुरू होतो, जो भाग ओला दिसेल तो बदलला जातो आणि आठवड्यानं पाणी पुन्हा खाली. माझं मत असं, की इथे पहिला प्रश्नच चुकतो. आधी विचारायला हवं, पाणी जातं केव्हा? गाडी रात्रभर थंड उभी असताना, पहाटे सुरू केल्याबरोबर, भरल्या गाडीनं चढ चढताना, की गरम इंजिन बंद केल्यानंतरच्या अर्ध्या तासात? या चार वेळांना इंजिनाच्या पोटात चार वेगळ्या गोष्टी घडत असतात. वेळ नक्की कळली की निम्मी जागा सापडलीच.

पाणी म्हणजे अर्थातच कूलंट. गाडी चालवणारे आणि दुरुस्त करणारे दोघंही त्याला पाणीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

शोधाच्या आधी एक गोष्ट पक्की करायची: पाणी खरंच कमी होतंय का? वीस अंशांपासून नव्वद अंशांपर्यंत तापताना साधं पाणी साडेतीन टक्क्यांच्या आसपास फुगतं, निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव्य) असलेलं मिश्रण चार टक्क्यांहून थोडं जास्त. तीस लिटरच्या सिस्टिममध्ये हा फुगवटा एक ते सव्वा लिटरचा होतो. ज्या जुन्या रेडिएटरला वेगळी टाकी नाही, तो गळ्यापर्यंत भरला तर हे जादा पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर जाणारच. दुसऱ्या दिवशी पातळी खाली दिसते, माणूस पुन्हा गळ्यापर्यंत भरतो, पुन्हा तेवढंच बाहेर जातं. असं महिनोन् महिने चालू शकतं आणि गळती मात्र कुठेच नसते. म्हणून आठवडाभर एकच शिस्त पाळावी. गाडी सपाट जागी, एकाच ठिकाणी, इंजिन पूर्ण थंड. टाकी असेल तर तिच्यावर पातळीशी चिकटपट्टी लावून खूण करायची. नसेल तर गळ्यातून स्वच्छ काडी घालून मोजायचं. जे टाकू ते मापानं टाकायचं आणि किती टाकलं, त्या दिवशी गाडी किती तास चालली, भरलेली होती की रिकामी, हे लिहून ठेवायचं.

या वहीचा एक मोठा उपयोग मागाहून होतो. पाण्याच्या साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर तासाला १८० मिलिलिटर जातं. दहा सेकंदांना एक पडला तर तासाला १८. आता समजा दहा तासांत एक लिटर जातंय आणि तुम्हाला वॉटर पंपाखाली दर दहा सेकंदांना एक थेंब सापडला. तो थेंब दहा तासांत २०० मिलिलिटरसुद्धा नेत नाही. बाकीचं ८०० मिलिलिटर दुसरीकडून जातंय. पंप बदलावा लागेलच, पण काम तिथे संपत नाही. पहिली गळती सापडल्यावर शोध थांबवणं, ही या कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

त्यानंतर हात जावा तो रेडिएटरच्या झाकणाकडे. इंजिन थंड असतानाच. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं पाणी क्षणात उकळून तोंडावर येतं. वरचा होज पाईप हाताला सहज धरवेल आणि दाबल्यावर मऊ लागेल तोवर थांबायचं, याला अपवाद नाही. झाकणाला फक्त बूच समजू नये. त्यात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा, स्प्रिंगचा, दाब धरून ठेवतो. मधला छोटा, इंजिन गार होताना हवा किंवा टाकीतलं पाणी परत आत घेतो. सात पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) झाकणाखाली साधं पाणी १११ अंशांच्या आसपास उकळतं, पंधराच्या झाकणाखाली १२१ ला. स्प्रिंग ढिली झाली किंवा रबर कडक होऊन चिरलं तर तो दाब टिकत नाही, पाणी कमी तापमानालाच उकळतं आणि नळीवाटे बाहेर फेकलं जातं. चढावर पाणी उडवलं, इंजिन तापलं, हेड गॅस्केट (इंजिनाचं धड म्हणजे ब्लॉक आणि वरचं डोकं म्हणजे हेड यांच्या मधली सीलची पट्टी) गेलं, असा निकाल घाईनं दिला जातो. दोष असतो झाकणाचा. छोटा व्हॉल्व्ह अडकला तर खूण उलटी: गाडी गार झाल्यावर वरचा होज पाईप चपटा होऊन बसलेला दिसतो. झाकण टेस्टरवर लावून बघता येतं, लिहिलेल्या आकड्याला उघडतं का आणि त्याच्या खाली धरून ठेवतं का. त्याचवेळी रेडिएटरच्या गळ्यातली बैठक बोटानं चाचपावी. तिथे खाच पडलेली असेल तर नवं झाकणही दाब धरणार नाही.

आता वेळेकडे येऊ.

थंडीत, पहाटे, गाडी उभी असताना किंवा सुरू केल्याबरोबर थेंब पडतात आणि इंजिन गरम झालं की बंद होतात, अशी गळती बहुतेक होज पाईपच्या टोकाची किंवा वॉटर पंपाच्या सीलची असते. रबर वर्षानुवर्षं क्लिपखाली दबून राहिलं की त्याचा लवचीकपणा जातो. गार झाल्यावर धातू आणि रबर वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, कडक रबर ती फट भरून काढत नाही, पाणी पाझरतं. तापलं की सगळं फुगतं आणि फट मिटते. दुपारी तपासायला घेतलेल्या गाडीत असं काही दिसणारच नाही. क्लिप आवळून काम भागतं, पण थोडे दिवस. फार आवळली तर तिची धार रबर कापते. पाईपचं टोक दोन बोटांत दाबावं. चरचर आवाज आला, आत भेगा जाणवल्या किंवा उलट तो फारच लिबलिबीत लागला, तर पाईप बदलायचा. आणि बदलताना ज्या नळकांड्यावर तो चढतो ते घासून साफ करायचं. गंजाच्या खवल्यांवर नवा पाईप चढवला तर तो नवेपणीच गळतो.

वॉटर पंपाच्या अंगावर, सील आणि बेअरिंग यांच्या मधोमध, खाली एक बारीक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं आहे. सीलमधून पाझरलेलं पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर पडावं, म्हणून. भोकाभोवती वाळलेल्या क्षाराचा थोडासा डाग चालतो. ताजा ओलावा, खाली उतरलेली लांब ओघळ किंवा पुलीला हात लावून हलवल्यावर जाणवणारी ढिलाई चालत नाही. काही जण हे भोक बुजवतात, गळती थांबल्यासारखी वाटते. पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, बेअरिंग धरतं, आणि पुलीवरचा पंखा रेडिएटरमध्ये घुसला तर एका सीलच्या कामाचं पंप, पंखा आणि रेडिएटर असं मोठं काम होऊन बसतं. पंप थेट टायमिंग गिअरवर चालत असेल तर सीलमधून गेलेलं पाणी ऑइलकडेही जाऊ शकतं. तिथे तर हे भोक म्हणजे एकमेव इशारा.

बाहेरची गळती शोधायची खरी पद्धत प्रेशर टेस्टची. आधी इंजिन धुऊन पूर्ण वाळवायचं. जुन्या इंजिनावर तेल, धूळ आणि जुने ओघळ यांचा एवढा थर असतो की ताजं आणि शिळं वेगळं कळत नाही. मग पाणी गळ्यापर्यंत भरायचं, झाकणाच्या जागी टेस्टर लावायचा आणि हातपंपानं झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब द्यायचा. त्याहून जास्त नाही. जुन्या रेडिएटरचे डागलेले सांधे जास्त दाबाला उगाच फुटतात. ट्रकवर हवेच्या टाक्या असतात म्हणून त्यांची नळी सरळ रेडिएटरला जोडायचा मोह होतो. त्या टाकीत आठ बारच्या आसपास दाब असतो, रेडिएटर जेमतेम एक बारचा (एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय). मध्ये रेग्युलेटर नसेल तर हे कधीही करू नये. दाब दिला की पंधरा मिनिटं काटा बघत थांबायचं. काटा उतरला आणि बाहेर ओल दिसली तर काम सोपं. काटा उतरला आणि बाहेर सगळं कोरडं, तर पाणी आत चाललंय. काटा हललाच नाही तर टेस्टर न काढता इंजिन गरम करून, वाढणारा दाब टेस्टरवरूनच काळजीपूर्वक उतरवत, हीच टेस्ट पुन्हा घ्यायची, कारण काही भेगा गरम झाल्यावरच उघडतात.

ओल दिसली तरी ती उगमाशी दिसेलच असं नाही. पाणी खाली उतरतं आणि चालत्या गाडीत मागे जातं. पंखा रेडिएटरमधून हवा इंजिनाकडे ओढतो, त्यामुळे रेडिएटरच्या मागच्या अंगाची बारीक चीर ब्लॉकच्या बाजूला थेंब उडवते आणि संशय हेड गॅस्केटवर जातो. म्हणून ओला भाग सापडला की नजर वर आणि पुढे न्यायची, कोरडी कड सापडेपर्यंत. संशयाच्या जागेवर खडूची बारीक पूड फुंकली तर पाण्याची पहिली रेघ स्पष्ट उमटते. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरमध्ये नळ्या जिथे वरच्या-खालच्या पट्टीला डागलेल्या असतात तिथे आणि टाकीच्या कोपऱ्यांत बघायचं. तिथे चीर सापडली तर रेडिएटरखालचे रबर पण बघा. ते चेपून गेले असतील तर चॅसीचा पीळ थेट सांध्यांवर येतो आणि डागलेलं पुन्हा सुटतं.

क्लच हाऊसिंगच्या तळातून थेंब येत असतील तर बहुतेकांना क्रँकच्या मागच्या ऑइल सीलची आठवण होते. थेंब बोटावर घेऊन बघा. तेल नसून पाणी असेल तर ब्लॉकच्या मागच्या तोंडाचा वॉटर प्लग आतून गंजून फुटलेला असू शकतो. पत्र्याच्या या पातळ वाट्या ओतकामाची भोकं बंद करायला बसवलेल्या असतात आणि कूलंटशिवाय नुसत्या पाण्यावर चाललेल्या इंजिनात त्या आतल्या बाजूनं कुरतडल्या जातात. मागचा प्लग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. एवढं उघडलंच आहे तर मागचे सगळे प्लग बदलून घ्यावेत. एक फुटला म्हणजे बाकीचे त्याच वयाचे आहेत. ट्रकला हीटर असेल तर केबिनमधल्या पायाखालच्या मॅटची ओल आणि काचेला आतून येणारा चिकट धुरकट थर, हेही बघायला विसरू नये.

इथवर सोपं होतं. अवघड काम सुरू होतं ते पाणी फक्त भरल्या गाडीनं, जोर लागताना जातं तेव्हा.

जोर लागताना सिलिंडरमधला दाब वाढतो. हेड गॅस्केटला, हेडला किंवा इंजेक्टरच्या तांब्याच्या बाहीला कुठे वाट मिळाली असेल तर तो गॅस पाण्यात घुसतो. कारागीर म्हणतात, कॉम्प्रेशन पाण्यात मारतंय. पाणी गळत नाही, ढकललं जातं. खुणा अशा: रात्रभर उभ्या थंड इंजिनाला सुरू करून एक-दोन मिनिटं झाली, पाणी अजून कोमट नाही, तरी वरचा होज पाईप दगडासारखा कडक. ओव्हरफ्लोच्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं तर सतत, एका तालात बुडबुडे. गरम होताना फुगवट्यामुळे सुरुवातीला थोडी हवा निघतेच. ती काही वेळात थांबते. हे थांबत नाहीत.

खात्रीसाठी जुनी पद्धत अजून उत्तम आहे. थंड इंजिनाचं पाणी थर्मोस्टॅटच्या खालपर्यंत उतरवायचं, वरचा पाईप आणि थर्मोस्टॅट काढायचा, पंप बेल्टवर असेल तर बेल्ट उतरवायचा म्हणजे पाणी ढवळलं जाणार नाही, आणि हेडचं तोंड काठोकाठ भरायचं. इंजिन सुरू करून दोन-चार वेळा एकदम रेस द्यायची. पाणी स्थिर राहिलं तर ठीक. खालून बुडबुड्यांची माळ उठली किंवा पाणी उसळून बाहेर आलं तर गॅस येतोय. पंप बंद आहे, म्हणून मिनिट-दीड मिनिटात आटपायचं. निळ्या द्रावणाची टेस्टही असते, रेडिएटरच्या गळ्यातली हवा त्यातून ओढली की जळक्या गॅसमधल्या कार्बन डायऑक्साइडनं रंग बदलतो. डिझेल इंजिन रिकामं चालताना सिलिंडरमध्ये हवाच जास्त असते, त्यामुळे इंजिनावर जोर न देता घेतलेली ही टेस्ट खोटा दिलासा देते. शिवाय पाणी त्या नळीत ओढलं जाऊ नये म्हणून पातळी आधी पाच-सात सेंटिमीटर खाली घ्यायची.

आता एक गोष्ट, जी ट्रकमध्ये सर्रास चुकते. बुडबुडे दिसले आणि रंग बदलला नाही, तर हेड खोलण्याआधी ब्रेकच्या एअर कॉम्प्रेसरकडे बघा. अनेक ट्रकांत त्याचं हेड इंजिनाच्याच पाण्यानं गार होतं. त्याचं गॅस्केट गेलं तर तो दाबाची स्वच्छ हवा पाण्यात मारतो, होज कडक होतो, पाणी उडतं; सगळ्या खुणा इंजिनाच्या हेड गॅस्केटच्या. ओळखायचं कसं? टाक्या भरत असताना बुडबुडे बघत राहायचं. टाक्या भरून गव्हर्नरनं (टाक्यांतला दाब सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हनं) कॉम्प्रेसर रिकामा सोडला, की त्या क्षणी बुडबुडे थांबतात. ब्रेकचं पेडल चार-सहा वेळा दाबून हवा उतरवा, कॉम्प्रेसर पुन्हा भरू लागेल आणि बुडबुडेही परत येतील. (ही टेस्ट घेताना चाकांना अडण लावायला विसरू नका.) इंजिनाचं हेड असं टाकीतल्या हवेच्या तालावर चालत नाही. उलट दिशेची खूण म्हणजे पहिल्या टाकीचा ड्रेन उघडल्यावर येणारं रंगीत, गोडसर वासाचं पाणी. वास पुरे, ग्लायकॉल विषारी आहे, चाखून बघायचं नाही. आणि त्याची गोडी जनावरांना ओढते, म्हणून उतरवलेलं पाणी उघड्या भांड्यात किंवा जमिनीवर सोडायचं नाही.

पांढऱ्या धुरावर फार विसंबू नये. धूर नाही म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये जात नाही, असं अनेक जण ठामपणे सांगतात. हिशोब वेगळं सांगतो. एक लिटर डिझेल जळताना जवळजवळ एक लिटर पाण्याइतकी वाफ तयार होते. दिवसाला शंभर लिटर डिझेल जाळणारं इंजिन तेवढंच पाणी सायलेन्सरमधून आधीच बाहेर टाकतंय. त्यात तुमचं एक लिटर मिसळलं तर डोळ्याला काय कळणार? उलट थंड इंजिनाचा पांढरा धूर बऱ्याचदा न जळलेल्या डिझेलचा असतो. तो डोळ्यांना झोंबतो, पाण्याच्या वाफेचा झोंबत नाही. जास्त भरवशाची खूण आत मिळते. इंजेक्टर काढून भोकातून कॅमेरा घातला, आणि एकाच पिस्टनचं डोकं बाकीच्यांसारखं काळं नसून धुतल्यासारखं लख्ख असलं, तर वाफ तिथेच होतेय.

सकाळी स्टार्टर मारल्याबरोबर धप्प आवाज होऊन इंजिन अडलं, तर दुसऱ्यांदा स्टार्टर मारायचा नाही. रात्रीतून सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळे इंजेक्टर काढा, भोकांपासून तोंड लांब ठेवा आणि इंजिन हातानं, बारनं फिरवा. ज्या भोकातून पिचकारी येईल तो सिलिंडर.

राहिलं ऑइल. इथे वेळेचा प्रश्न सगळ्यात जास्त बोलतो. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब तीन-चार बार, पाण्याचा फार तर एक. म्हणून ऑइल कूलर (पाण्यानं ऑइल गार करणारा भाग) आतून फुटला तर दिवसा ऑइल पाण्यात जातं आणि रेडिएटरच्या गळ्याशी काळपट-तपकिरी चिकट थर साचतो. इंजिन बंद झालं की ऑइलचा दाब शून्यावर येतो, पण गरम पाण्यातला दाब बराच वेळ टिकतो, आणि वरच्या पाण्याचं वजन तर रात्रभर असतंच. मग त्याच चिरेतून पाणी ऑइलमध्ये येतं. पाणी आणि ऑइल दोन्हीकडे मिसळ दिसली तर आधी कूलर काढून, एका बाजूला हवा देऊन पाण्यात बुडवून बघावा. हेड खोलण्यापेक्षा ते कितीतरी सोपं. पाण्यात ऑइलचा मागमूस नाही आणि ऑइलमध्ये मात्र पाणी आहे, तर संशय लायनर (ज्यात पिस्टन फिरतो ती, बाहेरून पाणी खेळणारी सिलिंडरची नळी), त्याच्या खालच्या ओ-रिंग (रबराच्या सील-कड्या) किंवा पुढच्या कव्हरकडे जातो. ऑइल भरायच्या झाकणाखालचा पांढरा लोण्यासारखा थर एकटाच पुरावा नाही. थोडं थोडं चालून गार होणाऱ्या इंजिनात तो नुसत्या दमटपणानंही येतो. पुरावा तळाशी असतो. गाडी रात्रभर उभी ठेवा. पाणी जड, ते खाली बसतं. सकाळी इंजिन सुरू न करता चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा) ड्रेन प्लग आट्याआट्यानं ढिला करा, शेवटच्या आट्यावर हातानं दाबून धरा आणि किंचित सोडा. पाणी असेल तर ऑइलच्या आधी तेच येईल. ते आलं तर गाडी चालवायची नाही. ग्लायकॉल मिसळलेलं ऑइल दाटून फिल्टर बुजवतं आणि बेअरिंग खातं.

लायनरची खात्री करायची रीत वेळखाऊ आहे, पण या सगळ्या शोधातला तोच सगळ्यात सुंदर भाग आहे असं मला वाटतं. ऑइल काढून चेंबर उतरवायचा. खालून क्रँक, रॉड, लायनरची तोंडं, सगळं उघडं. फडक्यानं प्रत्येक लायनरची खालची कड पुसून कोरडी करायची. खाली जमिनीवर कोरा पुठ्ठा पसरायचा. वरून रेडिएटरला टेस्टर लावून झाकणाइतका दाब द्यायचा आणि टॉर्च घेऊन खाली आडवं व्हायचं. सुरुवातीला काहीच होत नाही. रॉडवरून ऑइलचे थेंब पुठ्ठ्यावर पडत राहतात, काळे, पसरट. त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही. नजर कडेवर. मग कुठल्यातरी लायनरच्या कडेला एक चमक दिसते, ती फुगते, तिचा स्वच्छ मणी होतो, आणि कूलंटचा रंग टॉर्चच्या उजेडात ओळखू येतो. आता मणी कुठून आला ते बघायचं. लायनरच्या बाहेरच्या अंगानं, ब्लॉक आणि लायनर यांच्या मधून आला तर ओ-रिंग. आतल्या, पिस्टनच्या अंगानं ओघळला तर लायनरलाच भोक, किंवा वरून हेड-गॅस्केटमधून आलेलं पाणी. पिस्टन वर असेल तर भोक त्याच्या खाली उघडं पडतं, खाली असेल तर झाकलं जातं. म्हणून क्रँक थोडा थोडा फिरवून पुन्हा बघायचं. गळती बारीक असेल तर दाब ठेवून रात्रभर सोडावं. सकाळी पुठ्ठ्यावर ऑइलच्या डागांत पाण्यानं भिजून फुगलेला एक ठिपका असतो, बरोबर त्या सिलिंडरच्या खाली.

लायनरला भोक पडतं ते गंजामुळेच, असं सरसकट समजलं जातं. पण बऱ्याचदा कारण वेगळं असतं. पिस्टन प्रत्येक फेरीत एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीवर आपटतो आणि लायनर घंटेसारखा थरथरतो. भिंत आत ओढली गेली की बाहेर पाण्यातला दाब क्षणभर एकदम उतरतो, वाफेचे सूक्ष्म बुडबुडे होतात, भिंत परत आली की ते लायनरच्या भिंतीवरच फुटतात. असे लाखो फटके बसत राहिले की ओतीव लोखंड कण कण उडून जातं. काढलेला लायनर हातात घेतलात तर ते ओळखता येतं: खड्डे सगळीकडे सारखे नसतात. क्रँकच्या आडव्या दिशेला, पिस्टन जिकडे आपटतो त्या बाजूला, वरपासून खाली एक उभी पट्टी, टाचणीनं टोचत जावी तशी. एखाद्या खड्ड्यात सुई घातली की ती आत निघते. नायट्राइटसारखी द्रव्यं असलेलं डिझेलचं कूलंट लायनरवर पातळ थर धरतं आणि तो थर हे फटके झेलतो. नुसत्या पाण्यात तो थर नसतो. आणि सिस्टिममधला दाब बुडबुडे सहजी होऊ देत नाही. म्हणजे दाब न धरणारं ते जुनं झाकण नुसतं पाणी उडवत नव्हतं, लायनरही खात होतं.

गळती बंद करणाऱ्या पावडरी आणि द्रव्यांबद्दल विचारलं जातं. वाटेत अडकलेल्या गाडीला रेडिएटरच्या केसाएवढ्या चिरेसाठी त्यांचा उपयोग होतो, हे खरं. पण ते द्रव्य चीर आणि नळी यांत फरक करत नाही. रेडिएटरच्या अरुंद नळ्या, हीटर, ऑइल कूलर, सगळीकडे ते बसतं. लायनरच्या ओ-रिंगला किंवा गॅसच्या गळतीला त्याचा काहीही उपयोग नाही. शोध घ्यायचा असेल तर ते अजिबात टाकू नये, कारण अर्धवट बुजलेली गळती शोधणं फार कठीण जातं. क्षार काढायचं औषधही जपून. जुन्या इंजिनात कित्येक भोकं क्षारानंच बुजलेली असतात. सफाईनंतर नवी गळती दिसली तर ती सफाईनं केलेली नसते, उघडी पाडलेली असते.

हेड उतरवलं तर नुसतं गॅस्केट बदलून परत बसवू नये. हेडचा तळ सरळपट्टी आणि फीलर गेजनं उभा, आडवा आणि तिरका तपासायचा. लायनर ब्लॉकच्या किती वर आहे ते डायल गेजनं मोजायचं. ही उंची मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असते आणि शेजारच्या दोन लायनरमध्ये फरक पडला तर नवं गॅस्केटही बसत नाही. आकडे त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलेच घ्यायचे, दुसऱ्याचे नाही. व्हॉल्व्हच्या मधल्या भागात भेगेचा संशय असला तर हेडची पाण्याची तोंडं बंद करून, आत हवा भरून, गरम पाण्यात बुडवून तपासून घ्यावं. गार हेडची भेग मिटलेली असते.

नव्या ओ-रिंग बसवताना ब्लॉकमधली बैठक बोटानं तपासा. तिथे खड्डे असतील तर नवं रबरही गळणार. रिंगला काय लावायचं तेही मॅन्युअलमध्ये बघा. काही रबर इंजिन ऑइलनं फुगतात आणि लायनर दाबताना कापले जातात. लायनर बसले की पिस्टन घालण्याआधी परत तोच दाब, तोच पुठ्ठा, तीच रात्र. कोरडा पुठ्ठा बघितल्याशिवाय वर काही बांधू नये.

पाणी भरताना घाई नको. हीटरचा कॉक उघडा, हवा काढायचे स्क्रू ढिले, बारीक धारेनं भरायचं. निम्मं कूलंट, निम्मं क्षार नसलेलं पाणी. आत अडकलेली हवा पहिल्या चक्करला बाहेर आली की पातळी उतरते, ती गळती समजू नये. इंजिन दोनदा पूर्ण गरम, दोनदा पूर्ण गार झालं की सगळ्या क्लिप पुन्हा एकदा आवळायच्या, हेडचे बोल्ट पुन्हा आवळायला सांगितलं असेल तर तेही. मग टाकीवरची जुनी चिकटपट्टी काढायची, सपाट जागी, थंड इंजिनावर नवी लावायची आणि उद्या सकाळी पहिल्यांदा तीच बघायची.